दवाखान्यामागचा खड्डा

पाताळला दवाखान्यातून बोलावणे आले तेव्हा तो अंगणात उकिडवा बसून पहारीचे टोक दगडावर घासत होता. विहिरी खोदणाऱ्या या माणसाचे खरे नाव गावाने केव्हाच बाजूला ठेवले होते. ज्याचा निम्मा जन्म जमिनीखाली गेला त्याला दुसरे काय म्हणायचे, असा गावाचा सरळ विचार होता, आणि त्यालाही त्याचे काही वाटत नसे.

निरोप बायकोनेच आणला. ती दवाखान्यात साफसफाईला होती. तिथे सगळे तिला मावशी म्हणत. निवृत्तीला टेकलेल्या सिस्टरसुद्धा.

"साहेबांनी बोलावलंय," दारातूनच ती म्हणाली. "खड्ड्याचं काहीतरी आहे."

"खड्ड्याचं काय असणार?"

"भरलाय म्हणतात."

पाताळने पहार खाली ठेवली. गेल्या पावसाळ्यानंतर, जमीन अजून ओली असताना, तो खड्डा त्यानेच खोदला होता. बाळंतपणात पडणारी वार, कापून काढलेले काही, असे जे शरीराचे असेल ते त्यात टाकायचे आणि वर चुना व माती पसरायची, अशी ती सोय होती. दवाखान्याचा बाकीचा कचरा पिवळ्या-तांबड्या पिशव्यांतून शहराकडची गाडी नेत असे. एवढ्याशा कामाचा खड्डा अजून उन्हाळाही संपला नाही तोच भरतो, हे त्याच्या बुद्धीला पटेना. तो तसाच अनवाणी निघाला.

दवाखाना गावाच्या वरच्या अंगाला, उघड्या माळावर होता. तीन खोल्या, पुढे लांबट ओसरी, आणि मागे तारेच्या कुंपणात सिमेंटच्या झाकणाचा खड्डा. डॉक्टर झाकणापाशी उभे होते. वयाने लहान, कामाने वाकलेला माणूस. त्यांनी झाकण पायाने हलवून दाखवले. ते नीट बसत नव्हते. खालून चुन्याची आणि मातीची पांढुरकी ढेप कडेपर्यंत वर आली होती.

"किती खोल सांगितला होता?" डॉक्टरांनी विचारले.

"दोन पुरुष, साहेब. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. दोन पुरुषच आहे."

"मग एवढ्यात भरला कसा? हा वर्षानुवर्षं पुरायला हवा होता."

ओसरीवर रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आलेला मळेवाला हे सगळे ऐकत होता. ओढ्याकाठी त्याचा मोठा मळा होता, आणि या उन्हाळ्यात तिथे नवी विहीर पाताळनेच खोदायची असे बोलणे झाले होते. तो बसक्या अंगाचा गृहस्थ सावकाश उठून कुंपणापाशी आला, खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला, "पुरुष कुणाचा धरला होतास, बाबा? पुरुषापुरुषात फरक असतो."

ओसरीवरचे आजारी हसले. एकाला तर हसताना खोकल्याची उबळ आली. डॉक्टर घाईने म्हणाले की आपण कुणावर आरोप करत नाही, फक्त विचारतो आहोत. पण विहिरी खोदणाऱ्याला खोली विचारणे म्हणजे सोनाराला कस विचारणे. पाताळ मान खाली घालून आपल्याच पायांच्या बोटांकडे पाहत राहिला. त्या बोटांनी त्या खड्ड्याच्या भिंतीतल्या खोबण्या चाचपल्या होत्या. चढण्या-उतरण्यासाठी तो प्रत्येक कामात भिंतीत खोबण्या कोरत असे, आणि त्या कुठे संपतात ते त्याला डोळे मिटूनही सांगता आले असते. पण आता त्या खोबण्या गाडल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर त्याचा शब्दही.

घर खालच्या आळीला, एका खोलीचे आणि मोठ्या अंगणाचे होते. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी होती, आणि दोरीवर पिवळ्या आणि तांबड्या पिशव्या वाळत होत्या. वारा आला की त्या फुगत, आणि दुरून पाहणाऱ्याला या घरी काहीतरी मंगलकार्य आहे असे वाटे.

मावशीला त्या पिशव्यांचा अभिमान होता. ती कामाला लागली त्या दिवशी डॉक्टरांनी तिला सांगितले होते, पिशव्या जपून वापरा, वरून कमी येतात. तिने ते मनावर घेतले. ज्या घरात फाटलेल्या लुगड्याची गोधडी होते, गोधडी विरली की तिची पायपुसणी होते आणि पायपुसणी विरली की चूल पेटवायला चिंधी होते, त्या घरची ती सून होती. जाड, न फाटलेली, कोरी पिशवी एकदा भरून फेकून द्यायची हे तिला पाप वाटे. म्हणून ती रोज दुपारी भरलेली पिशवी मागे नेई, खड्ड्यात रिकामी करी, सांगितल्याप्रमाणे वर चुना टाकी, माती पसरी, आणि पिशवी घरी आणून राखेने घासून धुई. वाळलेली पिशवी दुसऱ्या दिवशी परत डब्याला लागे. अगदीच फाटलेली किंवा वास न जाणारी तेवढी भरून ती गाडीला देई. गाडीवाला दर खेपेला एकदोन पिशव्या उचलताना म्हणे, "तुमच्या गावात कुणी आजारी पडत नाही वाटतं." मावशीला ती दवाखान्याची स्तुती वाटे.

सिस्टरांनी सुया टाकायला दिलेले जाड पांढरे डबेही ती तसेच खड्ड्यात रिकामे करी. त्यांतला एक तिने उकळत्या पाण्याने धुऊन घरी आणला होता. घट्ट झाकणाचा डबा. सासूने, म्हणजे पाताळच्या आईने, त्यात दोऱ्याची रिळे ठेवली होती. तांबड्या पिशवीत वालाचे बी होते, पावसाळ्यात कुंपणाला लावायचे. डॉक्टरांनी एकदा सर्वांसमोर म्हटले होते की पिशव्या पुरवाव्या तर आमच्या मावशींनी.

त्या संध्याकाळी पाताळ जेवला, पण कोरडाच. सासूने दोनदा आमटी वाढायला हात पुढे केला, दोनदा त्याने ताट मागे ओढले.

"कुणाचा पुरुष म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?" सासूने विचारले.

"मळेवाला."

"त्याच्या बापाची विहीर तुझ्या बापाने खोदली. तेव्हा नाही विचारलं कुणी."

पाताळने ताटात पाणी ओतले आणि उठला. मावशी चुलीपुढे बसून सगळे ऐकत होती. तिला नवऱ्याची दया आली आणि मळेवाल्याचा राग आला. अजून तिला दुसरे काही कळले नव्हते.

गावात बोलणे पसरायला वाट लागत नाही. दुसऱ्या दिवशी पाताळ मळ्यात विहिरीची जागा आखायला गेला तर मळेवाला बांधावर बसून दात कोरत होता. म्हणाला, जरा थांबू. पलीकडच्या गावची एक टोळी आहे, त्यांचाही विचार चालला आहे. मग काहीतरी सुचल्यासारखा उठला आणि पाताळला आपल्या जुन्या विहिरीवर घेऊन गेला. ती पाताळच्या बापाने सुरू केली होती आणि पाताळने, अंगात ताकद आल्यावर, आणखी खाली नेली होती. तिचा तळ आता कोरडा होता.

"एकदा दोर सोडून दाखव बरं," मळेवाला म्हणाला. "आपल्या मनाचं समाधान."

मळ्यातले गडी काम टाकून जमले. पाताळने दोराला दगड बांधला. ज्या विहिरीत त्याने आपले खांदे सोलून घेतले होते तिची खोली त्याला जमावासमोर दोराने मोजून दाखवावी लागत होती. दगड खाली टेकला, त्याचा आवाज वर आला. पाताळने कोरडाच दोर वर ओढून काढला, काठावर आडवा पसरला आणि त्याच्या शेजारी स्वतः झोपला. उठला, पुढे सरकला, पुन्हा झोपला. पाठीला खडे टोचले. एक गडी हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारले. खोली ठरली होती तेवढी निघाली. किंचित जास्तच.

मळेवाल्याने मान हलवली. "ही खरी निघाली. पण ही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खोदलीस. दवाखान्यामागे बघायला कोण होतं?"

पाताळने पाठीची माती झटकली. मग, आवाज न चढवता, तो म्हणाला, "उद्या सकाळी या दवाखान्यात. सगळा खड्डा उपसून दाखवतो. खोबण्या मोजून घ्या."

त्याच दुपारी मावशीने नेहमीप्रमाणे तांबडी पिशवी मागे नेली. झाकण सरकवले आणि पिशवी उलटी केली. आत जागाच नव्हती. सलाईनची नळी, हातमोजे, प्लास्टिकच्या बाटल्या असे सगळे ढेपेवरून घरंगळून तिच्या पायांशी परत आले. एक बाटली कुंपणापर्यंत गेली. ती वाकून गोळा करू लागली, आणि खिडकीतून डॉक्टरांचे बोलणे तिच्या कानावर आले. ते सिस्टरांशी बोलत होते.

"त्या खड्ड्यात जातं काय, सिस्टर? आठवड्याला दोनतीन वारा. त्या तर कुजून मुठीएवढ्या होतात. बाकी सगळं गाडी नेते. मग खोलीच कमी असणार, दुसरं काय?"

सिस्टर काय म्हणाल्या ते मावशीने ऐकले नाही. ती हातात बाटली धरून तशीच बसून राहिली. तिने त्या ढेपेकडे पाहिले. वरून सगळी पांढरी, सारवल्यासारखी, तिच्याच हातची. खाली काय आहे ते या जगात एकट्या तिला माहीत होते. रोजची एक पिशवी. कधी दोन. नळ्या, बाटल्या, कापूस, मोजे, पट्ट्या. प्लास्टिक कुजत नाही, हे तिला घरच्या उकिरड्यावरून ठाऊक होते. पण ते इथे आठवले नव्हते. घाण ती घाण, आणि खड्डा घाणीसाठी, एवढेच तिने धरले होते. पिशवी वाचवण्याच्या नादात तिने नवऱ्याचा खड्डा भरून टाकला होता.

तिने सगळे परत पिशवीत भरले. आयुष्यात पहिल्यांदा तिने धड असलेल्या पिशवीचे तोंड बांधले. मग ओसरी पुसली, भांडी घासली, बाळंतिणीची चादर बदलली, आणि कुणालाही काही न बोलता घरी आली. सांगितले तर काम जाणार, हे उघड होते. या कामाच्या आधी ती दुसऱ्यांच्या शेतात दिवसभर वाकून खुरपत असे. तेव्हाची कंबर तिला अजून आठवत होती.

अंगणात सासू गोधडीला टाके घालत होती. मावशी तिच्याजवळ बसली आणि सगळे सांगून मोकळी झाली. सासूचा हात थांबला नाही. टाका पुरा करून तिने दोरा दाताने तोडला.

"पिशव्या घरी आणू नको असं मी म्हणायला हवं होतं," सासू म्हणाली. "मीच आणखी आण म्हणायची."

"तुम्हाला काय माहीत, आत्याबाई."

"तुला तरी काय माहीत होतं?" सासू उठली, दोरीपाशी गेली आणि एकेक पिशवी काढून घडी घालू लागली. घडी घालता घालता म्हणाली, "सांगायचं की गिळायचं ते तू बघ. काम तुझं आहे. पण तो मघाशी जेवायला आला होता. उद्या त्यात उतरणार आहे म्हणतो."

मावशीने चमकून वर पाहिले. तिला हे ठाऊक नव्हते.

पाताळ घरी आला तो दोर, घमेले आणि फावडे काढून बसला. तिने एकदा म्हणून पाहिले, नका उतरू. तो म्हणाला, का? ती म्हणाली, वास असेल. तो हसला. जन्मभर वासातच काम केले, असे काहीसे म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी थोडा उजेड दिसत होता. तो उजेड मालवणारी गोष्ट तिच्या ओठांपर्यंत आली आणि परत गेली.

सकाळी उन्हाला अजून धार आली नव्हती. दवाखान्यामागे डॉक्टर, सिस्टर, मळेवाला आणि ओसरीवरचे दोनचार बघे जमले होते. डॉक्टरांना हा प्रकार पसंत नव्हता. त्यांनी पाताळला उतरू नको असे सांगून पाहिले. मग निदान तोंडाला बांधायला फडके आणि हातमोजे दिले. खाली काय, जुनी माती आणि चुना, असे त्यांनाही वाटत होते. बूट मात्र पाताळने घेतले नाहीत. बुटाला खोबणी कळत नाही, तो म्हणाला. खोबणी पायाच्या बोटांना कळते.

वरची ढेप त्याने काठावरूनच फावड्याने उकरली. चुना आणि माती, चुना आणि माती. मळेवाला गळ्याशी उपरणे धरून जवळ सरकला. काठाखाली पहिली खोबणी उघडी पडली. पाताळच्या तोंडून समाधानाचा हुंकार निघाला. पुढची माती काठावरून हाती लागेना. त्याने फावडे आत टेकवले, दोर कमरेला बांधला आणि खड्ड्याच्या काठावर बसून उजवा पाय आत सोडला. त्याचे उघडे पाऊल भिंत चाचपत खोबणीत गेले. दुसरा पाय त्याने ढेपेवर टेकवण्यासाठी उचलला.

"अहो, पाय वर घ्या."

मावशी ओसरीच्या कोपऱ्यावर उभी होती, हातात झाडू. आवाज मोठा नव्हता. पाताळने मान वळवली.

"पाय वर घ्या," ती पुन्हा म्हणाली. "खाली सुया आहेत."

"सुया कुठून असतील?" डॉक्टर म्हणाले. "सुया गाडीने जातात."

"नाही जात, साहेब. काहीच जात नाही."

मग तिने सांगितले. जमिनीकडे पाहत, झाडूची दांडी दोन्ही हातांनी धरून, पिशव्यांचे, डब्याचे, धुण्याचे, दोरीचे सगळे सांगितले. खड्डा दोन पुरुषच होता. भरला तो मी भरला. पाताळ तसाच बसला होता, एक पाय खोबणीत आणि दुसरा अधांतरी, जणू कुणी सांगितल्याशिवाय त्याला तो कुठेच ठेवता येणार नव्हता. सिस्टर पुढे झाल्या आणि त्यांनी त्याला दंडाला धरून काठावरून मागे ओढले. त्यांनी चिमट्याने वरची माती जरा बाजूला केली. नळीचे वेटोळे दिसले. त्याच्या कडेने दोन सुया तिरप्या उभ्या होत्या, ज्या जागी त्याचे पाऊल पडणार होते तिथून वीतभर अलीकडे.

डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला. त्यांनी विचारले की हे किती लोकांच्या जिवावर बेतले असते याची मावशींना कल्पना आहे का. पुराच्या पाण्याने हे सगळे ओढ्यात गेले असते तर? खालच्या मळ्यात? मावशी नाही म्हणाली. तिला खरेच नव्हती.

"पिशव्या धुऊन परत आणायचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

उत्तर सिस्टरांनी दिले.

"जपून वापरा असं आपण सांगितलं, साहेब. तोंड बांधून सोडून का द्यायच्या, ते सांगायचं राहिलं. मीही नाही सांगितलं. रोज हिच्या अंगणावरून जाते. दोरीवर पिशव्या बघायची आणि मनात म्हणायची, बाई मोठी टापटीप आहे."

डॉक्टरांनी तोंडावरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाले की हा आजच बंद करू, आणि यापुढे कुणीही, कुणीही यात हात घालायचा नाही.

आपल्या मळ्याचे नाव निघाल्यापासून मळेवाला उपरणे सावरत होता. जाता जाता पाताळकडे न पाहता तो म्हणाला, "म्हणजे खड्डा खरा होता म्हणायचं."

"म्हणायचं कशाला," पाताळ म्हणाला. "होता."

घरी पोचेपर्यंत नवराबायको एकामागे एक चालली. अंगणातली दोरी रिकामी होती. पाताळने पायरीवर बसून पाय धुतले, दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले, पुन्हा धुतले.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारले.

"काल दुपारी."

"काल दुपारी," तो म्हणाला. "रात्रभर माझ्या शेजारी पडून होतीस."

ती खांबाला टेकून उभी राहिली. सासू आतून बाहेर आली आणि दोघांच्या मधोमध बसली.

"काही फेकू नये हे तिला कुणी शिकवलं?" सासू म्हणाली. "मी शिकवलं. बोलायचं तर मला बोल."

"मी कुणाला बोललो?" पाताळ म्हणाला. मग त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. "काय पण बायको बघून दिलीस मला. दवाखान्याच्या पिशव्या वाचवल्या आणि नवरा खड्ड्यात घातला."

सासूने तोंडाला पदर लावला. मावशीला हसू आले नाही, डोळे भरून आले. पण तिने आत जाऊन त्याचे ताट वाढले, आणि तो पोटभर जेवला.

पुढचे दिवस कामाचे गेले. जुन्या खड्ड्यात डॉक्टरांनी चुन्याची गोणी रिकामी करवली. वर सिमेंटचा जाड थर ओतला, भोवती काटेरी कुंपण घातले आणि लाल रंगाने खूण केली. घरच्या सगळ्या पिशव्या आणि पांढरा डबा मावशीने स्वतः नेऊन गाडीच्या गठ्ठ्यात बांधले. रिळे टाकायची, सिस्टर म्हणाल्या. वालाचे बीसुद्धा. सासूने ते बी मांडीवर घेऊन बराच वेळ बोटांनी चाळवले. वर्षभर निवडून ठेवलेले, एकसारखे, टपोरे. मग तिने ते तांबड्या पिशवीसकट सुनेच्या हातात दिले आणि तोंड फिरवले.

मावशीचे काम गेले नाही. डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावले आणि खुर्चीवर बसायला सांगितले, तेव्हा ती आणखीनच घाबरली होती. सिस्टर रोज दुपारी तिला खाटेशी उभी करून दाखवत. ही नळी कुठे, हा कापूस कुठे, हा कागद कुठे. तिच्या चुका होत. एकदा तिने केळीची साल मोठ्या निष्ठेने पिवळ्या डब्यात टाकली, आणि सिस्टर म्हणाल्या की केळ्याला काय रोग झाला होता ते तरी सांग. हळूहळू तिच्या लक्षात एक गोष्ट आली. जिथल्या तिथे वेगळे केले की गाडीला द्यायचे फार थोडे उरते. कागद, खोके, सालपटे ही सगळी घरच्यासारखीच घाण होती. ती रक्ताच्या कापसात मिसळली म्हणजे सगळेच विष होई.

मग एके दिवशी सिस्टरांनी कोपऱ्यातले जुने कपाट उघडले. आत हिरव्या कापडाच्या जाड चादरी घड्या घालून ठेवल्या होत्या, काही उसवलेल्या. पूर्वी बाळंतपणाला हेच वापरायचो, सिस्टर म्हणाल्या. धुऊन, वाफेच्या डब्यात तापवून परत घ्यायचो. मग एकदा वापरून फेकायच्या कागदी चादरी आल्या, आणि हे कपाट बंद झाले.

मावशीने एक चादर हातात घेऊन पोत चाचपला. "यातलं फेकायचं काय?"

"काहीच नाही."

"परत वापरायचं?"

"परत परत. उकळून."

मावशीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच तिचे जुने हसू दिसले. उसवलेल्या चादरी तिने घरी नेल्या, आणि सासूने गोधडी बाजूला ठेवून त्यांच्या कडा दुमडायला घेतल्या. टाका एवढा बारीक की सिस्टरांना चष्मा काढून पुसावा लागला.

नवा खड्डा कुंपणाच्या दुसऱ्या अंगाला, ओढ्यापासून दूर घ्यायचा ठरला. पाताळने तो चार दिवसांत उतरवला. बाजूंना सिमेंटची कडी बसवण्याआधी त्याने मळेवाल्याला निरोप धाडला. मळेवाला आला. सोबत चारजण होतेच.

"या," पाताळ म्हणाला. "उतरून बघा."

"मी कशाला? वरून दिसतंय की."

"नको. मागाहून बोलणं नको. या खेपेला पुरुष तुमचाच धरू."

ओसरीवरचे आजारी उठून कुंपणापाशी आले. मळेवाल्याने इकडेतिकडे पाहिले. मागे फिरायला वाट नव्हती. त्याने चपला काढल्या, उपरणे एकाच्या हातात दिले आणि पाताळने दाखवलेल्या खोबण्यांत एकेक पाय ठेवत, भिंतीला पोट घासत तो खाली गेला. आधी खांदे दिसेनासे झाले, मग टक्कल. तळाशी उभे राहून त्याने हात वर केला. हात काठाच्या आसपासही पोचत नव्हता.

"बघितलं," खालून आवाज आला. "बरोबर आहे."

"किती?" पाताळने विचारले.

"दोन पुरुष."

"कुणाचे?"

"माझेच की, बाबा. आता वर घे."

चढायला मात्र त्याला जमेना. पाय खोबणीतून सटकत. शेवटी पाताळने दोर सोडला, त्याने तो काखेत अडकवला आणि चौघांनी ओढून त्याला उन्हात आणले. सगळे अंग मुरमाने पिवळे झाले होते. धापा टाकत तो काठावर बसला, आणि मग त्यालाच हसू फुटले. डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब तिथेच मोजला.

चारपाच दिवसांनी मळेवाल्याची बायको सहज म्हणून घरी आली. तांब्याभर पाणी पिऊन होईपर्यंत बसली, उन्हाबद्दल बोलली, आणि उठताना पदराची गाठ सोडून सासूच्या ओंजळीत वालाचे बी ओतले. मळ्यातले आहे, चांगले धरते, एवढेच म्हणाली. विहिरीबद्दल कुणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता पाताळ पहार खांद्यावर टाकून ओढ्याकडे गेला.

गाडी आली तेव्हा मावशी अंगणात चादरी वाळत घालत होती. हिरव्या, जड, उकळलेल्या पाण्याच्या वासाच्या. दोरी पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. भोंगा ऐकून ती वर माळावर गेली आणि तोंडे बांधलेल्या पिशव्या एकेक करून ओसरीवरून उतरवल्या. शेवटच्या पिशवीची गाठ तिने पुन्हा एकदा आवळली. नवऱ्याकडून शिकलेली, घमेल्याच्या दोराची गाठ. ओढ बसेल तशी घट्ट होणारी.

"काय मावशी, आता गावात बरीच माणसं आजारी पडायला लागली वाटतं," गाडीवाला म्हणाला.

"पूर्वीएवढीच आहेत."

"पिशवी धुऊन परत आणून देऊ का?"

म्हणजे गोष्ट त्याच्यापर्यंतही पोचली होती. "ने मुकाट्याने," ती म्हणाली. पण पिशवी उचलली गेली, कोरी, जाड, कुठेही न फाटलेली, तेव्हा तिचा हात आपोआप तिच्यामागे थोडा पुढे गेला. तिने तो आवरला आणि पदराला पुसला.

गाडी उतारावरून दिसेनाशी झाली. माळावर पुन्हा शांत झाले, आणि त्या शांततेत ओढ्याकडून पहारीचा घाव ऐकू येऊ लागला. ती ऐकत उभी राहिली. सकाळपासून तो आवाज भुसभुशीत, बुडाल्यासारखा येत होता. आता त्यात खणखण आली होती. वर्षानुवर्षे ऐकून तिला तो फरक कळत होता. मुरूम संपला होता, खडक लागला होता. पाणी असले तर त्याच्याच भेगांत असणार. तिने झाडू उचलला आणि ती आत गेली. आत एका बाळंतिणीच्या कळा सुरू झाल्या होत्या, आणि सिस्टरांनी हिरवी चादर मागितली होती.